एका भरावाची दोन टोके

लातूरच्या शाळेत भूगोल शिकवताना ‘राहणीमान’ हा धडा मी किती वर्षे घेतला, याची मोजदाद नाही. दरडोई उत्पन्न, सरासरी आयुर्मान आणि साक्षरता असे तीन रकाने फळ्यावर आखायचे, दोन देशांचे आकडे भरायचे आणि मुलांकडून फरक वदवून घ्यायचा, एवढ्यावर तो धडा संपत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाचीकडे सिंगापूरला जाण्याचा योग आला, तेव्हा नकाशा उघडताच लक्षात आले की ती जिथे राहते तिथून मलेशियातले जोहोर बारू शहर चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे अगदी समोर आहे. मग मी आणि माझ्या यजमानांनी आठवड्याचे दोन भाग केले. सुरुवातीचे दिवस अलीकडे काढायचे आणि रविवारपासून बुधवारपर्यंत पलीकडे राहायचे, असे ठरले. फळ्यावरचे रकाने प्रत्यक्ष घरांत, रस्त्यांवर आणि ताटांत कसे दिसतात, ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

पहिला दिवस, गुरुवार: वुडलँड्स

मुंबईहून रात्रीचे विमान साडेपाच तासांत पोहोचले. भाची बेटाच्या उत्तर टोकाला, वुडलँड्समध्ये, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर भाड्याने राहते. या मंडळाला तिथे सगळे ‘एचडीबी’ म्हणतात. ते १९६० साली स्थापन झाले आणि आज तिथल्या रहिवाशांपैकी सुमारे ८० टक्के लोक त्याने बांधलेल्या घरांतच राहतात. घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते. सरकारी वसाहत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्याच्याशी या इमारतींचा काही संबंध नाही. जिने झाडलेले, उद्वाहने चालू आणि खिडकीबाहेर बांबूंवर वाळत घातलेले कपडे मजल्यामागून मजले रांगेत, असे ते दृश्य होते.

न्हाणीघरात गेल्यावर मी सवयीने ड्रम कुठे आहे ते पाहिले. ना ड्रम, ना पिंप, ना हंडा. भाची म्हणाली, ‘मावशी, इथे पाणी साठवत नाहीत गं. नळ उघडायचा आणि तसेच प्यायचे.’ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून ज्या लातूरला पाणी आणावे लागले, तिथल्या बाईला हे वाक्य काय वाटते ते सांगून कळायचे नाही. मी भांड्यात पाणी घेतले आणि उभ्या उभ्या प्यायले.

संध्याकाळी वॉटरफ्रंट पार्कला फिरायला गेलो. समोर जोहोर बारूच्या उंच इमारतींचे दिवे एवढे जवळ होते की एकेक खिडकी मोजता येत होती. यजमानांच्या फोनवर मलेशियात स्वागत असल्याचा संदेश आला. वुडलँड्सला राहणार असाल तर फोनमधील नेटवर्क हाताने निवडून ठेवावे, नाहीतर सिंगापुरात बसून मलेशियाचे रोमिंग लागते.

दुसरा दिवस, शुक्रवार: गुडघ्यांचे मोजमाप

माझे वय ६४ आणि दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे शहर कसे आहे हे मला आधी पायांना कळते. भाचीच्या इमारतीपासून मेट्रो स्थानकापर्यंत सलग छताखालची वाट आहे. दुपारी धो धो पाऊस आला, तरी छत्री न उघडता आम्ही स्थानकात पोहोचलो. पदपथाला खड्डा नाही, रस्ता ओलांडण्याच्या जागी उतार केलेला, चाकांच्या खुर्चीवरचे आजोबा एकटेच बाजारात निघालेले. भाचीची सात वर्षांची मुलगी, म्हणजे आमची नात, एकटी खाली उतरून दुकानातून दूध घेऊन आली. तिच्या आईने खिडकीतून डोकावूनही पाहिले नाही. भाची स्वतः कार्यालयातून रात्री साडेअकराला पायी घरी येते. बाईमाणसाला निर्धास्तपणे वावरता येणे ही गोष्ट माझ्या तीन रकान्यांत कधीच नव्हती.

इमारतींच्या तळमजल्यावर मोकळी, खांबांची जागा असते. तिला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. तिथे दोन चिनी आजोबा चिनी बुद्धिबळ खेळत होते, शेजारी एक मलाय कुटुंब लग्नाच्या जेवणासाठी टेबले मांडत होते आणि तमिळ आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. हे आपोआप घडलेले नाही. प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याचे प्रमाण १९८९ पासून सरकारने ठरवून दिले आहे. घर विकतानाही ते पाळावे लागते आणि त्यामुळे अल्पसंख्याक कुटुंबाला कधी कधी गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, असे भाचीच्या शेजाऱ्यांनी सांगितले. मला हा जाच वाटला नाही, कारण सख्खे शेजारी झालेले लोक एकमेकांच्या सणांना जातात हे मी त्याच मजल्यावर पाहिले.

रात्री हॉकर सेंटरला जेवलो. एका मोठ्या छताखाली पन्नासेक छोटे गाळे, प्रत्येकाचा एखाददुसराच पदार्थ आणि मधोमध सगळ्यांची मिळून टेबले. या खाद्यपरंपरेला २०२० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आम्ही शाकाहारी, म्हणून तमिळ गाळ्यावर डोसा आणि चिनी शाकाहारी गाळ्यावर शेवयांसारखे बी हून घेतले. साधी काळी कॉफी एक डॉलर चाळीस सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ९० रुपये. शाकाहाऱ्यांनी तिखट चटणी घेण्यापूर्वी त्यात ‘बेलाचान’ आहे का, हे विचारून घ्यावे. ते वाळवलेल्या बारीक कोळंबीचे असते आणि दोन्ही देशांत सर्रास घालतात.

टेबले पुसणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. पाठ वाकलेली, हातात ओले फडके आणि हालचाली कमालीच्या नेटक्या. आधी उष्ट्या भांड्यांचा ट्रे उचलत, मग टेबलाच्या कडेपासून मध्याकडे फडके फिरवत आणि शेवटी खुर्ची आत सरकवत. भाचीने त्यांना ‘अंकल’ म्हणून हाक मारली आणि माझ्या सांगण्यावरून, या वयात काम का करता, असे अदबीने विचारले. ते म्हणाले, घर स्वतःचे आहे, त्याचे पैसे कधीच फिटले. पण विजेचे बिल येते आणि घरी दिवसभर बोलायला कोणी नसते. दोन्ही कारणे त्यांनी एकाच सुरात सांगितली. त्यानंतर मी मुद्दाम पाहू लागले, तेव्हा विमानतळापासून मेट्रोच्या स्वच्छतागृहापर्यंत म्हातारी माणसे कामावर दिसत राहिली. तिथे सरासरी आयुर्मान ८३ वर्षांच्या आसपास आहे. हा आकडा मी मुलांना कौतुकाने सांगत असे, पण पंचाहत्तरीत माणूस काय करतो हे मात्र कधी सांगितले नाही.

तिसरा दिवस, शनिवार: मरिना बराज

बाकीची प्रेक्षणीय स्थळे सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांचे वर्णन करत नाही. मला पाहायचा होता तो मरिना बराज, म्हणजे नदीच्या मुखाशी २००८ मध्ये बांधलेला बंधारा. त्याने समुद्राचे पाणी बाहेर थोपवले आणि शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा जलाशय तयार झाला. त्याच्या हिरवळीच्या छतावर मुले पतंग उडवत होती. सिंगापूरचे क्षेत्रफळ लातूर जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे आहे, लोकसंख्या ६० लाख आणि मोठी नदी एकही नाही. १९६३ च्या टंचाईत इथेही पाणी वाटून द्यावे लागले होते. पावसाचे पाणी अडवणे, २००३ पासून सांडपाणी पुन्हा शुद्ध करून वापरणे, समुद्राचे पाणी गोडे करणे आणि शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्याकडून पाणी विकत घेणे, अशा चार वाटा त्यांनी धरल्या. चौथ्या वाटेचा करार १९६२ चा आहे आणि तो २०६१ पर्यंत चालणार आहे. त्यानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ११३ कोटी लिटर पाणी घेऊ शकते आणि हजार गॅलनला फक्त तीन सेन (शंभर सेनांचा एक मलेशियन रिंगिट) मोजते. ही नदी आपण पाहायचीच, असे मी यजमानांना तिथेच सांगितले.

परतताना सिग्नलला एक उघडा ट्रक शेजारी थांबला. मागे बांधकामावरचे पंधरा-वीस मजूर बसलेले, बहुतेक तमिळ आणि बांगलादेशी, काहींना बसल्या जागी डुलकी लागलेली. एवढ्या काटेकोर शहरात ही माणसे मालासारखी का नेतात, याचे उत्तर भाचीकडेही नव्हते. मला ते दृश्य खटकले आणि अजून खटकते.

चौथा दिवस, रविवार: पाच डॉलर आणि पाच रिंगिट

वुडलँड्सहून जोहोर बारूला ‘शटल तेब्राऊ’ नावाची रेल्वे पाच मिनिटांत नेते. जाताना तिकीट पाच सिंगापूर डॉलर आणि येताना त्याच डब्यात, त्याच पाच मिनिटांसाठी पाच मलेशियन रिंगिट. आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला सव्वातीन रिंगिटच्या वर भाव होता. १९७३ पर्यंत ही दोन्ही चलने सारख्याच भावाने बदलून मिळत. पुढच्या पन्नास वर्षांत दोन्ही देशांत काय काय झाले, ते सगळे त्या एका तिकिटात उतरले आहे, असे मला वाटले.

रेल्वेची तिकिटे आगाऊ काढावीत, आयत्या वेळी मिळत नाहीत. भारतीयांना सध्या मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आगमनाचा अर्ज निघण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे घरूनच पाहावे. नाहीतर परत येताना अडकाल.

ज्याला सगळे पूल म्हणतात तो खरे तर भराव आहे. १९२४ मध्ये खुला झालेल्या, दगड टाकून बांधलेल्या या कॉजवेवरून रस्ता, रूळ आणि पाण्याच्या जाडजूड नळवाहिन्या शेजारी शेजारी जातात. डब्याच्या खिडकीतून मला आधी दिसल्या त्या नळवाहिन्याच.

आम्ही उतरलो होतो ते घर एका तमिळ विधवा बाईंचे, बैठे आणि रांगेतले. पुढे गाडी लावायची ओसरी, तिच्या कडेला कढीपत्ता आणि जास्वंद, दाराला लोखंडी जाळी आणि तिला दोन कुलुपे. आम्ही एकमेकींना ‘अक्का’ म्हणू लागलो, कारण हा शब्द आमच्या लातूरकडेही मोठ्या बहिणीसाठी आहेच. घरात तीन मोठ्या खोल्या, मागे कपडे धुण्याचा ऐसपैस चौक आणि दारात स्वतःची छोटी गाडी. सिंगापुरात गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात विकत घ्यावा लागतो आणि त्या महिन्यात त्याचाच भाव ९० हजार डॉलरच्या घरात होता. अक्कांच्या गल्लीत मात्र गाडी नसलेले घर दिसले नाही. ती हवीच, कारण गाडीवाचून इथे पाऊल टाकता येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघालो तर पदपथ अर्ध्यातच संपला आणि माझ्या गुडघ्यांनी हार मानली. अक्कांनी बजावले, ‘पर्स रस्त्याच्या बाजूला धरू नका, आतल्या खांद्याला अडकवा.’

संध्याकाळी नाक्यावरच्या उपाहारगृहात पराठ्यासारखी रोटी चनाई आणि उंचावरून ओतून फेस आणलेला चहा, म्हणजे तेह तारिक, घेतला. दोघांचे मिळून आठ रिंगिट, म्हणजे दीडशे-एक रुपये झाले. शेजारच्या टेबलावर सिंगापूरचे एक कुटुंब होते. केस कापून, दात दाखवून, गाडी धुऊन आणि महिन्याचा किराणा भरून ते परत निघाले होते.

पाचवा दिवस, सोमवार: पहाटे पावणेचार

भांड्यांच्या आवाजाने जाग आली. घड्याळात पावणेचार. स्वयंपाकघरात अक्का इडल्या उतरवत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा, तिशीचा, वुडलँड्समधल्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतो. सात वाजताच्या पाळीसाठी तो सव्वाचारला मोटरसायकलने निघतो. त्याने पारपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले, पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात, त्यावर पावसाळी कोट आणि कोटाची चेन गळ्यापर्यंत. कॉजवेवर हजारो मोटरसायकली असतात, ओळीत पाऊस आला तर थांबायला आडोसा नसतो, आणि पारपत्र भिजले तर नोकरीचा दिवस गेला. गर्दी नसेल तर तो साडेपाचपर्यंत पलीकडे पोहोचतो आणि कारखान्याच्या वाहनतळात गाडीवरच डोके टेकून झोपतो. उशिरा निघाला तर तेच अंतर कापायला दोन तास लागतात. रात्री घरी येईतो साडेआठ होतात. या मार्गाने दररोज तीन लाखांहून अधिक माणसे ये-जा करतात आणि त्यांतले बरेच जण असेच कामाला निघालेले असतात.

रात्री तो जेवायला बसला असता यजमानांनी, जन्मभर बँकेत काढल्यामुळे, त्याच्याबरोबर हिशेब मांडला. त्याला २,४०० डॉलर मिळतात, म्हणजे जवळजवळ ८,००० रिंगिट. इकडे तेच काम केले तर २,८०० मिळतील. मलेशियाचे किमान वेतन त्याच महिन्यापासून १,७०० रिंगिट झाले होते. वरवर पाहता यात विचार करण्यासारखे काहीच नाही. पण यजमानांनी भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न काढला. सिंगापूरच्या नागरिकाच्या नावावर, तो ५५ वर्षांचा होईपर्यंत, पगाराच्या ३७ टक्के रक्कम दरमहा जमा होते, त्यात १७ टक्के मालकाचे असतात. त्यातूनच घर फिटते, आजारपण निभते आणि म्हातारपणाची तरतूद होते. सीमेपलीकडून परवान्यावर येणाऱ्या कामगाराला ती रक्कम मिळत नाही. आणि मलेशियाच्या निधीत मालक भर घालतो तोही इकडे नोकरी करणाऱ्यांसाठीच. म्हणजे तिप्पट पगार घेणारा हा मुलगा म्हातारपणासाठी स्वतःहून जेवढे बाजूला टाकेल तेवढेच त्याचे. तो शांतपणे म्हणाला, ‘अंकल, मला ठाऊक आहे. घराचे कर्ज फिटले की परत येईन.’ कर्ज फिटायला अजून अकरा वर्षे आहेत.

मी मनाशी वेगळाच हिशेब करत होते. सव्वाचार ते साडेआठ, म्हणजे सव्वासोळा तास. उरलेल्या पावणेआठ तासांत झोप, आंघोळ, जेवण आणि आईशी दोन शब्द. त्याने तीन खोल्यांचे ऐसपैस घर घेतले आहे आणि त्या घरात तो उजेडी फक्त रविवारी असतो. भाचीचे घर याच्या निम्म्याने, भाडे २,८०० डॉलर, पण तिला कार्यालयात पोहोचायला पाऊण तास लागतो आणि सकाळी मुलीची वेणी ती स्वतः घालते. दोन घरांत सुखी कोण, असे मला कोणी विचारले तर मी आधी घरात किती तास राहायला मिळते ते विचारीन.

सहावा दिवस, मंगळवार: कोटा टिंगी

सकाळी नळ उघडला तर नुसती हवा. कुठेतरी बिघाड झाल्यामुळे आमच्या भागात पाणी बंद होते. अक्का मुळीच गडबडल्या नाहीत. त्यांनी मागच्या चौकातल्या निळ्या ड्रमचे झाकण काढून बादली भरून दिली. ‘कधीमधी होते, म्हणून भरून ठेवते,’ असे त्या म्हणाल्या. झाकणावर पालथा ठेवलेला तो प्लॅस्टिकचा तांब्या पाहून मला भडभडून आले. ज्या राज्याच्या नदीचे पाणी पलीकडच्या अकराव्या मजल्यावर अखंड पोहोचते, त्याच राज्यातल्या बाईच्या घरात माझ्या घरातल्यासारखा ड्रम होता.

नंतर ठरल्याप्रमाणे गाडी करून ४० किलोमीटरवरच्या कोटा टिंगीला गेलो. वाटेत दोन्ही अंगांना तेलताडाचे मळे, मैलोगणती एकसारखे. गाव जोहोर नदीच्या काठी आहे. नदी गढूळ, तपकिरी आणि संथ, काठावर दोघे गळ टाकून बसलेले. आमच्या मांजरा नदीपेक्षा कितीतरी भरलेली, पण दिसायला अगदी साधी. पाणी घेणाऱ्याने शुद्धीकरण केंद्रे बांधली, आणि त्याच पाण्याचा काही भाग शुद्ध होऊन करारानुसार जोहोरला परत विकला जातो. कराराचा दर बदलावा अशी मलेशियाची मागणी जुनी आहे. तिथे उभे राहिल्यावर मला ती समजली, आणि बेटावर राहणाऱ्यांची धास्तीही समजली.

परतल्यावर अक्कांबरोबर सरकारी दवाखान्यात गेले, त्यांची साखरेची औषधे संपली होती. नागरिकांना तपासणी आणि औषधे मिळून एक रिंगिट पडतो. अडीच तास थांबावे लागले, पण औषधे महिन्याची मिळाली आणि डॉक्टरांनी पाय उघडून नीट पाहिले. सिंगापुरात भाचीला साध्या तापाला खासगी दवाखान्यात ४५ डॉलर लागले होते. तिथल्या नागरिकांना सवलत आहे, पण ती नागरिक नाही.

सातवा दिवस, बुधवार: परत

परतीचे तिकीट दुपारचे होते. कॉजवेवर शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री चुकूनही जाऊ नये, आठवड्याच्या मधल्या दुपारी गर्दी सुसह्य असते. स्थानकाजवळच नव्या रेल्वेच्या उंच खांबांची रांग खाडीच्या दिशेने गेलेली दिसते. ही जलद रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू करायचे ठरले आहे आणि ती तासाला एका दिशेने दहा हजार प्रवासी नेऊ शकेल, अशी योजना आहे. अक्का निरोपाला आल्या होत्या. हातात त्यांच्या झाडाच्या कढीपत्त्याची चटणी, बरणीला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गाठ. खांबांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘अक्का, ही गाडी सुरू झाली की तो साडेपाचला निघेल. म्हणजे इडली डब्यात भरायला नको. इथेच, माझ्यासमोर बसून खाईल.’